फुंकर

ताकामात्सुत आमचं दुकान पहाटे पाचला उघडतं.
ऊदोनच्या जाड शेवयांची कणीक मी पायांनी तुडवतो,
बाप तुडवायचा तशीच, टाचेवर भार देऊन.
सुझुना शाळेआधी एक वाडगा खायची,
वाफाळता, घाईघाईने फुंकर घालत.

एक दिवस तिच्या डाव्या हातातून वाडगा सुटला.
मी ओरडलो. हे आधीच सांगून टाकतो,
कारण पुढचं ऐकताना मी तुम्हाला
शहाणा बाप वाटेन.
ती रडली, आणि रडता रडता
ओठांचा डावा कोपरा खाली ओघळला,
मेण ओघळावं तसा.
दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी.
आम्ही फरशी पुसली.

संगीताच्या तासाला तोंडाने फुंकून वाजवायची पेटी असते.
तिथेही दोनदा बोटं लुळी पडली.
बाईंनी वहीत लिहून पाठवलं: टाळाटाळ करते.
वाचल्याचा शिक्का मी त्याखाली मारला.

डॉक्टर कुसाकाबेंनी पहिला प्रश्न विचारला,
"गरम खाताना फुंकते का?"
मला वाटलं, बाईंना भूक लागली असेल.

मग मांडीतून नळी गेली, मानेपर्यंत चढली,
रंग सोडला. पडद्यावर काळी नदी वर वर येत होती
आणि कवटीच्या तळाशी, जिथे तिला फाटे फुटायचे,
तिथेच आटली.
तिच्याभोवती केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं,
उदबत्ती विझल्यावर रेंगाळतो तसला धूर.
"मोयामोया," त्या म्हणाल्या.
आम्ही हा शब्द धुक्याला वापरतो,
चष्म्यावर साचलेल्या वाफेला,
मनात नीट न उमगलेल्या गोष्टीला.
रोगाला नाव आमच्याच भाषेतलं,
आणि मला तो ऐकूनही माहीत नव्हता.

जोरजोरात श्वास सोडला
की आधीच चिंचोळ्या वाहिन्या आणखी आवळतात.
मेंदूच्या उजव्या अंगाचं पाणी तुटतं.
माझ्या वाडग्याची वाफ, तर.
माझं ओरडणं.
"तुमच्यामुळे झाला नाही," त्या म्हणाल्या,
"तुमच्यामुळे लवकर दिसला."
असं बोलायची त्यांना सवय असेल.

कानापुढे एक धमनी धडधडते,
डोक्याच्या कातडीला रक्त पुरवते.
ती सोडवून घ्यायची, हाडाला खिडकी पाडायची,
आणि आत मेंदूच्या पाठीवर
शेवईएवढ्या वाहिनीला तिचं तोंड शिवायचं.
"टाके किती?"
"बारा. धागा तुम्हाला दिसायचा नाही."
"सराव कशावर करता?"
"कोंबडीच्या पंखांवर. अकरा वर्षं, दर रविवारी."
"मग त्या पंखांचं काय करता?"
हे सुझुनाने विचारलं.
"तळून खाते."
त्या दिवसात खोलीत कुणी हसलं, ते एवढंच.

सहा तास.
मित्सुए कागदी रुमालांच्या घड्या घालत बसली,
मोडत, परत घालत.
मी उभा होतो. समोरच्या म्हाताऱ्याने हटकलं
तेव्हा कळलं, माझे पाय
जागच्या जागी फरशी तुडवत होते.

चोवीस मिनिटं आतली वाहिनी चिमट्यांनी बंद होती,
हे नंतर सांगितलं. मग चिमटे काढले,
हिरवा रंग सोडला, दिवे मालवले,
आणि पडद्यावर बाहेरचं रक्त
आत पांढरंशुभ्र पसरत गेलं.
तिसऱ्या दिवशी तिची जीभ जड झाली,
माझं नाव अर्धंच निघालं.
नव्या पाण्याने बांध फुगतात, म्हणाले. आठवडा वाट पाहिली.
पूर्ण नाव आलं ते पाणी मागताना.

आता टोपीचं इलॅस्टिक कानापुढे येता कामा नये.
चष्म्याची काडी सैल. बोटाने दाबून पाहायचं नाही.
डावी बाजू अजून बाकी आहे, मार्चमध्ये.
तोवर तिला गार ऊदोन,
बर्फाच्या पाण्यातून काढलेलं.
तरी ती सवयीने ओठ गोल करते,
माझ्याकडे बघते
आणि थांबते.

पहाटे कणीक तुडवताना
मी माझ्याच कानापुढे बोट ठेवतो.
ठोका लागतो.
इतकी वर्षं ही इथेच होती,
नुसती केसांना रक्त पाजत.